अक्षरांची मोजणी

छापील पान वाचताना आपल्याला अक्षरे दिसतात. ते पान जुळविणाऱ्याला मात्र जागा दिसत असते. शिशाच्या खिळ्यांचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट निराळी सांगावयास नको. जुळारी एकेक खिळा उचलून पट्टीत बसवी, तेव्हा त्या खिळ्याच्या माथ्यावरचे अक्षर देखणे आहे की बेढब, याच्याशी ओळीच्या लांबीचा काही संबंध नसे. ओळ कोठे भरली हे ठरे ते खिळ्याच्या अंगाच्या रुंदीवरून. अक्षराचे माप धातूतच ओतलेले होते. ते वेगळे लिहून ठेवण्याची किंवा कोणाला विचारण्याची जुळाऱ्याला गरजच नव्हती.

पुढे धातू गेला आणि अक्षरजुळणीचे काम संगणकाकडे आले. मग हे माप कोठे गेले? ते संगणकाच्या फायलींमध्ये आकड्यांच्या रूपाने जाऊन बसले. अक्षरजुळणी करणाऱ्या आज्ञावलीकडून ही मापे एका छोट्याशा स्क्रिप्टने, म्हणजे संगणकाला ओळीने द्यावयाच्या हुकुमांच्या यादीने, कशी काढून घेता येतात, आणि मुळात हा खटाटोप कशासाठी करावयाचा, याचा आज विचार करू. विषय प्रथमदर्शनी छापखान्याचा आणि गणिताचा वाटेल. पण त्याचे दुसरे टोक आपल्या देवनागरीपर्यंत येऊन पोचते.

उदाहरणासाठी मी 'टेक' ही आज्ञावली घेतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची दुसरी आवृत्ती निघावयाची होती. पहिल्या आवृत्तीची जुळणी धातूच्या खिळ्यांनी झाली होती. नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ साली प्रकाशजुळणीच्या पद्धतीने तयार होऊन आली, ती नूथ यांना मुळीच पसंत पडली नाहीत. आपणच जुळणीची आज्ञावली लिहावी असे त्यांनी ठरविले. थोड्या अवधीत उरकेल असे वाटलेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले. त्यातून टेक जन्मास आली, अक्षरांचे आकार घडविणारी 'मेटाफॉन्ट' आली, आणि 'कॉम्प्युटर मॉडर्न' नावाचे अक्षरकुल तयार झाले. गणितातील संशोधनपर लेखन आजही जगभर मुख्यतः याच आज्ञावलीने, किंवा तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेल्या 'लाटेक'ने जुळविले जाते.

टेकची गंमत अशी, की ओळी पाडताना आणि पाने लावताना ती अक्षराचा आकार पाहतच नाही. तिच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे एक रिकामी चौकट. या चौकटीची तीन मापे असतात. डावीकडून उजवीकडे ती किती जागा अडविते, ही रुंदी. अक्षरे ज्या अदृश्य रेषेवर उभी राहतात त्या आधाररेषेच्या वर ती किती जाते, ही उंची. त्या रेषेच्या खाली ती किती उतरते, ही खोली. चौकटीच्या आत शाईचे कोणते वळण आहे, याची चौकशी पान जुळून झाल्यावर, अक्षर प्रत्यक्ष उमटविण्याच्या वेळी होते. सरकारी मोजणीच्या नकाशात शेताच्या हद्दी दाखविलेल्या असतात, शेतातल्या ज्वारीची कणसे त्यात नसतात. तरीही जमिनीची वाटणी त्या नकाशावरूनच होते. टेकचा व्यवहार बरोबर असाच आहे.

ही मोजणी किती बारकाईची आहे तेही पाहण्यासारखे आहे. टेकच्या हिशेबात एका इंचाचे ७२.२७ पॉइंट होतात, आणि एका पॉइंटचे पुन्हा ६५,५३६ भाग. हा सर्वांत लहान भाग इतका सूक्ष्म, की हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा तो सुमारे शंभरावा हिस्सा भरतो. डोळ्याला न दिसणाऱ्या इतक्या लहान मापात हिशेब ठेवण्याचे कारण असे, की सगळी बेरीज-वजाबाकी पूर्णांकांत व्हावी, आणि कोणत्याही संगणकावर तेच लिखाण घातले तर ओळी नेमक्या त्याच ठिकाणी तुटाव्यात. एका ठिकाणी तुटलेली ओळ दुसऱ्या ठिकाणी निराळी तुटली, तर पुढचे सगळे पान बदलते.

आता ही मापे पाहावयाची कशी? पट्टी घेऊन छापील कागदावर मोजता येणार नाही, कारण कागदावर शाई दिसते, चौकट दिसत नाही. म्हणून आज्ञावलीलाच विचारावे लागते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मापांची फाईलच उघडून पाहण्याचा. कॉम्प्युटर मॉडर्नच्या प्रत्येक अक्षरसंचाबरोबर एक मापपत्रक असते. ते यंत्राला वाचता येईल अशा गुप्त वाटणाऱ्या लिपीत असते, पण ते माणसाला वाचता येईल अशा यादीत उलगडून देणारे एक साधन टेकबरोबरच मिळते. त्या यादीत प्रत्येक चिन्हापुढे रुंदी, उंची, खोली हे आकडे लिहिलेले दिसतात.

दुसरा मार्ग मला अधिक बोधप्रद वाटतो. त्यात टेकला असे सांगावयाचे, की हे चिन्ह एका पेटीत ठेव, पण कागदावर उतरवू नकोस. आता या पेटीची रुंदी सांग, उंची सांग, खोली सांग, आणि ती तुझ्या कामाच्या नोंदवहीत लिहून ठेव. एका चिन्हासाठी हे तीन-चार हुकूम हाताने देता येतील. पण गणितात चिन्हे शेकड्यांनी असतात, आणि येथेच स्क्रिप्टचे काम सुरू होते. चिन्हांच्या नावांची यादी स्क्रिप्टच्या हाती द्यावयाची. ती प्रत्येक नावासाठी तेच हुकूम लिहिते, टेककडून ते बजावून घेते, मग नोंदवही उघडून तिच्यातील आकडे वेचते आणि त्यांचा तक्ता करते. माणूस शंभर चिन्हांनंतर कंटाळतो व एकशे एकाव्याचा आकडा शंभराव्यापुढे लिहितो. स्क्रिप्टला कंटाळा माहीत नाही. तिचा दुसरा गुण असा, की उद्या अक्षरसंच बदलला तर सगळी मोजणी पुन्हा एकदा, त्याच रीतीने, काही क्षणांत करून घेता येते.

असा तक्ता हाती आला की त्यात काय दिसते? कॉम्प्युटर मॉडर्नच्या १० पॉइंटी सरळ अक्षरसंचात रोमन लिपीतील लहान 'आय'ची रुंदी २.७७७७९ पॉइंट, तर लहान 'एम'ची ८.३३३३६, म्हणजे तिप्पट. 'जी' या अक्षराची उंची ४.३०५५४ आणि खोली १.९४४४४, कारण त्याची शेपटी रेषेखाली उतरते. शून्यापासून नवापर्यंतच्या दहाही अंकांची रुंदी मात्र अगदी सारखी, ५.००००२ पॉइंट. एकाचा अंक अंगाने सडपातळ आणि आठाचा भरदार. तरी दोघांना जागा तेवढीच. जमाखर्चाच्या तक्त्यात एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक सरळ उभे राहते, ते या समान रुंदीमुळे. पाचाच्या पुढे शेवटी जो दोनाचा आकडा लोंबकळतो, तो मूळ आकडेमोडीत अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर नेल्याचा अवशेष आहे. स्क्रिप्ट तोही प्रामाणिकपणे सांगते.

परंतु आकडे मिळाले म्हणजे त्यांचा अर्थ मिळाला असे नव्हे. या कामात तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले ठिकाण आकाराचे. १० पॉइंटी अक्षराचे माप निम्मे केले की ५ पॉइंटी अक्षराचे माप मिळेल, असा आपला समज होतो. तसे नाही. ५ पॉइंटी संचातील अंकाची रुंदी अडीच पॉइंट नसून सुमारे ३.४ पॉइंट आहे. लहान अक्षर डोळ्याला वाचता यावे म्हणून ते मुद्दाम थोडे रुंद घडविलेले असते. तेव्हा प्रत्येक आकाराची मोजणी वेगळी करावयास हवी.

दुसरे ठिकाण प्रश्नाचे. बेरजेसाठी गणितात जे मोठे ग्रीक सिग्माचे चिन्ह वापरतात, त्याचे माप मापपत्रकात पाहिले तर उंची शून्य आणि खोली १० पॉइंट अशी नोंद आढळते. जणू ते चिन्ह रेषेखाली वटवाघळासारखे लटकलेले आहे. तेच चिन्ह समीकरणात बसवून पेटीचे माप विचारले तर उंची साडेसात आणि खोली अडीच पॉइंट असे उत्तर येते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पत्रकात चिन्हाची मूळची स्थिती आहे. समीकरणात टेकने ते उचलून बेरीज-वजाबाकीची चिन्हे ज्या अक्षावर असतात त्या अक्षाच्या मध्यावर आणले आहे. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा अर्थ ठरतो, हे कचेरीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते. येथेही तोच न्याय लागू पडतो. वर्गमूळाच्या चिन्हाचे तर आणखी नवल आहे. पत्रकात त्याची उंची जेमतेम ०.४ पॉइंट लिहिलेली असते. ही चिन्हाची उंची नव्हेच. वर्गमूळाखालच्या संख्येवर जी आडवी रेघ ओढावयाची, तिची जाडी टेक या आकड्यावरून घेते.

तिसरे ठिकाण कलाचे. गणितातील 'एफ' हे अक्षर तिरके असते व त्याचा माथा चौकटीच्या उजवीकडे झुकून बाहेर जातो. त्याची रुंदी सुमारे ४.९ पॉइंट, पण याशिवाय सुमारे १.०८ पॉइंटाची चौथी नोंद त्याच्यापुढे असते. ही कलाची भर. 'एफ'वर घातांक लिहावयाचा असेल तर तो एवढा उजवीकडे सरकवावा लागतो, नाही तर तो माथ्याला धडकतो. खाली पादांक लिहावयाचा असेल तर ही भर धरावयाची नाही, नाही तर तो अक्षरापासून तुटून दूर पडतो. तीन मापे काढून चौथे विसरणाऱ्या स्क्रिप्टचा तक्ता दिसतो पूर्ण, पण उपयोगाच्या वेळी फसवितो.

आता मूळचा प्रश्न. टेक आपले काम चोख करीत असताना तिच्या पोटातील आकडे बाहेर कशाला काढावयाचे? त्याचे कारण आपल्या हातातल्या पडद्यात आहे. आज विद्यार्थी गणित कागदावर वाचतो तितकेच संगणकाच्या आणि दूरध्वनीच्या पडद्यावरही वाचतो. पडद्यावर पाने दाखविणारा ब्राउझर साध्या मजकुराच्या ओळी नीट लावतो. पण एखाद्या अक्षराची शाई रेषेच्या वर नेमकी किती गेली आणि खाली किती उतरली, हे तो सहजासहजी सांगत नाही. त्यावाचून अपूर्णांकाची रेघ छेदाला चिकटते, वर्गमूळाचे छत संख्येच्या डोक्यात बसते, आणि घातांक खाली घसरतो. दोनाच्या घनातील तीन जर खाली घसरला, तर वाचणाऱ्या मुलाला आठाऐवजी तेवीस दिसतात. मापातील चूक ही येथे सौंदर्याची चूक राहत नाही, ती गणिताची चूक होते.

यावर उपाय म्हणून 'खान अकॅडमी' या शिक्षणसंस्थेने २०१४ साली 'केटेक' नावाचे साधन प्रसिद्ध केले. ब्राउझरमध्ये गणित जुळविणाऱ्या या साधनाच्या कर्त्यांनी नेमका हाच मार्ग धरला. टेकच्या मापपत्रकांतून चिन्हांची मापे वेचणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, आणि निघालेला तक्ता साधनातच घालून ठेवला. त्यात प्रत्येक चिन्हापुढे पाच आकडे आहेत: खोली, उंची, कलाची भर, अक्षराच्या डोक्यावर टोपी किंवा बाण ठेवताना तो किती सरकवावा याचे माप, आणि रुंदी. टेक जवळ नसतानाही तिने केली असती तशी जुळणी मग पडद्यावर होऊ शकते. जुळारी घरी गेला, पण त्याची मोजपट्टी त्याने मागे ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही मोजपट्टी पुढच्यांच्या हाती आली याचे श्रेय नूथ यांच्या दोन निर्णयांना आहे. टेक आणि तिची मापे त्यांनी सर्वांना पाहण्यास मोकळी ठेवली, आणि ती स्थिर ठेवली. कॉम्प्युटर मॉडर्नमधील काही चिन्हांचे आकार, विशेषतः ग्रीक डेल्टा आणि बाण, त्यांनी १९९२ साली सुधारले; पण कोणत्याही चिन्हाची रुंदी, उंची किंवा खोली बदलू दिली नाही. चेहरा सुधारला, हद्द हलली नाही. त्यामुळे त्याआधी जुळविलेली सगळी पाने आजही त्याच ओळींत तुटतात.

श्रोतेहो, येथवरचे विवेचन रोमन लिपीचे आणि गणिती चिन्हांचे झाले. आता आपल्या घरी येऊ. देवनागरी टेकमध्ये यावी यासाठी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थॉइस यांनी १९९१ साली अक्षरसंच आणि त्याला लागणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. पुढे जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'मुळे युनिकोडमधील मजकूर थेट जुळविता येऊ लागला. परंतु मोजणीचा प्रश्न आपल्या लिपीत निराळाच होतो. 'क्ष' हे अक्षर संगणकात साठविले जाते ते क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन घटकांनी. पडद्यावर मात्र एकच आकृती उमटते. क आणि ष यांच्या रुंदीची बेरीज केली तर क्षची रुंदी मिळत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर आणि दिसते त्याच्या आधी. मात्रा आणि अनुस्वार बहुधा रुंदीची जागा घेतच नाहीत. म्हणून देवनागरीत वर्णमालेची यादी करून एकेक वर्ण मोजणे व्यर्थ आहे. जोडाक्षर पूर्ण बनवून पेटीत ठेवावे आणि मग पेटीला विचारावे. वर सांगितलेला दुसरा मार्ग येथे खरा कामास येतो.

अशा मोजणीने एक चांगली परीक्षाही होते. मराठीत 'आचार्यास' म्हणजे गुरूला, आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्यातला रफार शिरोरेषेच्या वर बसतो व आडवी जागा मागत नाही. दुसऱ्यातला अर्धा र य-च्या आधी आडवा येतो आणि आपली जागा घेतो. स्क्रिप्टने दोन्ही शब्दांची रुंदी मोजली, आणि ती सारखीच निघाली, तर त्या अक्षरसंचात किंवा त्या आज्ञावलीत मराठीची ही खास गरज भागलेली नाही असा संशय घेण्यास जागा आहे. डोळ्याने हजार जोडाक्षरे तपासणे दुष्कर. स्क्रिप्टने ती रात्रीतून तपासून घेता येतात.

ही गोष्ट केवळ मुद्रणाच्या हौशीची नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या अनेक अक्षरसंचांत टंकलिखित झाला, त्यांची सांकेतिक रचना प्रत्येकाची वेगळी होती. त्या काळचा कागद आज दुसऱ्या अक्षरसंचात उघडला तर अक्षरे दुसरीच दिसतात. अक्षरे ओळखून परत मिळविली, तरी मापे तीच मिळाली नाहीत तर ओळी भलतीकडे तुटतात, तक्त्यांचे स्तंभ ढळतात आणि पानांचे क्रमांक सरकतात. ज्या कागदात 'पान सतरा, ओळ चौथी पाहा' असा हवाला दिलेला आहे, त्या कागदाचा हवालाच खोटा ठरतो. मग तो कागद इंदूरच्या ग्रंथालयातील असो की मुंबईच्या कचेरीतील.

मुंबईच्या 'एक टाईप' या गटाने केलेल्या 'मुक्ता'सारखे देवनागरी अक्षरसंच आज मुक्त परवान्याखाली कोणालाही मिळतात. त्यांच्या फायली उघडता येतात, मापे काढता येतात, तपासता येतात आणि जपून ठेवता येतात. महत्त्वाचा मराठी मजकूर अशा उघड्या मापांच्या अक्षरात जुळवावा, आणि वापरलेल्या अक्षरसंचाची प्रत व मापांचा तक्ता त्या मजकुराबरोबरच दप्तरी ठेवावा, एवढा साधा परिपाठ आपण घातला तरी पुष्कळ होईल. जमिनीच्या कागदांबरोबर मोजणीचा नकाशा जोडावा लागतो, हे आपण केव्हाच शिकलो आहोत. अक्षरांच्या बाबतीतही हद्दीची नोंद असलेली बरी. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ते पान उघडील, तेव्हा प्रत्येक अक्षर आपल्या जागेवर उभे असलेले त्याला आढळेल.